गिरणीला नकार कशासाठी?

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक या आठवड्यात पुन्हा झाली. या वेळी वाद पेटला तो तळमजल्यावरच्या दुकानांवरून. खाली दुकानं, वर घरं अशी नवी इमारत उभी राहणार आहे आणि कोणते धंदे येऊ द्यायचे नाहीत याची यादी करारनाम्यात घालायची होती. बिअर शॉपी, मटणाचं दुकान, गॅरेज, वडापाव अशी नावं भराभर आली. आणि मग कुणीतरी म्हणालं, ‘पिठाची गिरणीही नको.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅफे, बँक, सलून यांना मात्र कुणाचीच हरकत नव्हती.

नियम काय सांगतात ते थोडक्यात. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. निवासी भागात कुठले व्यवसाय चालतील ते तिच्यात रस्त्याची रुंदी आणि जागेचा आकार अशा मोजमापांवर ठरतं. दारूच्या दुकानाचा मामला वेगळा. मतदान घेऊन वॉर्डातली ‘बाटली आडवी’ करण्याचा हक्क लोकांना आहे, आणि सोसायटीच्या आवारात दारूचं नवं दुकान यायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल, असं सरकारनं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. बाकीच्या धंद्यांबाबत सोसायट्या आपापल्या याद्या करतात.

माझा राग आहे तो या याद्यांवर. त्यात धंद्याचं फक्त नाव असतं. त्याचा नेमका त्रास काय, तो कमी करता येतो का, हे कुणी विचारतच नाही. मटणाच्या दुकानाला वासाचं कारण दिलं जातं. वासावर चांगला एक्झॉस्ट, बंद डबे आणि रोजच्या रोज कचरा उचलणं अशा अटी घालता येतात. त्या घालायची तयारी नसेल, तर अडचण वासाची नाही, खाणाऱ्यांची आहे. मग तसं उघड बोलावं. शेजाऱ्याच्या ताटावरचा राग दुकानावर काढू नये.

आणि धोका असतो कुठे? ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत, पूर्णानगरला, हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेलं चौघांचं कुटुंब गेलं. हार्डवेअरचं दुकान सोसायट्यांच्या नकोशा यादीत सहसा नसतं. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे होते: आत माल किती, वायरिंग कसं, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, रात्री आत कोण झोपतं? हेच प्रश्न कॅफेच्या भटारखान्यालाही विचारायला हवेत. तिथेही गॅस असतो, तेल असतं, आणि रात्री उशिरापर्यंत दारात गाड्या असतात. बैठकीत हे एकानंही विचारलं नाही.

पण मला बोलायचं आहे ते गिरणीबद्दलच. दर दिवाळीत भाजणीवर लिहिणाऱ्या माणसानं या ठरावावर गप्प बसणं शक्यच नाही.

बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे दळल्यावर थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून ज्या घरात भाकरी होते, त्या घरातून दळणाचा डबा दर आठ-पंधरा दिवसांनी निघतो. डबा जड असतो, आणि तो नेणारं माणूस बहुतेक वेळा साठीच्या पुढचं असतं. गिरणी दोन गल्ल्या पलीकडे असेल तर दळण होतं. दोन किलोमीटरवर गेली की पिशवीतलं तयार पीठ घरात येतं आणि भाकरी बंद होते. बँकेचं तसं नाही, तिचं काम आता फोनवरही होतं. घराखाली कुठल्या धंद्याला जागा द्यायची याची माझी कसोटी हीच आहे: तो लांब गेला तर कुणाचं अडेल?

आमचा गिरणीवाला दळणाची ओळ सांभाळतो ते एकदा उभं राहून बघावं. डब्याच्या झाकणावर खडूनं नाव, धान्याच्या वर चिठ्ठी: ‘बारीक’, ‘जाडसर’, ‘भाजणी’. गव्हामागून गहू जातो, ज्वारीमागून ज्वारी, म्हणजे एकाचं पीठ दुसऱ्यात मिसळत नाही. उपवासाचं दळण घ्यायच्या आधी तो जातं उघडून ब्रशनं झाडून काढतो. पिठानं पांढऱ्या झालेल्या हाताची दोन बोटं धारेखाली धरून पीठ चोळून बघतो, आणि मनाजोगतं नसेल तर चाक किंचित आवळतो. ही जाण कारखान्याच्या पिशवीतून मिळत नाही.

गिरणीचा त्रास नाही, असं मी म्हणत नाही. मोटर घरघरते, जमीन थरथरते, पीठ उडतं. वर पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर त्या आईची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण या तिन्हींवर इलाज आहे. यंत्राखाली रबरी पॅड, भिंतीला आवाज शोषणारं अस्तर, पीठ ओढून घेणारा पंखा, दुपारी दोन तास आणि संध्याकाळी सातनंतर मोटर बंद. इमारत अजून कागदावर आहे. आत्ता नकाशात हे बसवणं सोपं, पुढे अवघड.

म्हणून पुढच्या बैठकीत मी लेखी दुरुस्ती देणार आहे. नावांची यादी काढून टाका आणि प्रत्येक दुकानाला सारख्या अटी लावा: आवाज, वास, आग, वेळ, कचरा. पाळेल तो राहील, मोडेल तो जाईल, मग तो कॅफे असो की खाटीक. आणि वीस वर्षं आपल्याला पीठ दळून देणाऱ्या माणसाला त्या बैठकीला बोलवा. त्याच्या पोटाचा निर्णय त्याच्यामागे घेऊ नका.