फील्डवर पाठवण्याआधी

दरवर्षी पावसाळ्यात समाजकार्य महाविद्यालयांची पत्रं आपल्या संस्थांकडे येतात. अमुक इतके विद्यार्थी सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रकार्यासाठी पाठवत आहोत, आठवड्यातले दोन दिवस, सहकार्य करावे. कामाला चार हात मिळतात म्हणून आपणही होकार कळवून टाकतो. ह्या मुलामुलींची तयारी काय करून घेतली, हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ती असते एक-दोन दिवसांची. अहवाल कसा लिहायचा, हजेरीपत्रकावर सही कुणाची घ्यायची, वस्तीत कपडे कसे घालायचे (हे फक्त मुलींना!), आणि मग हातात सर्वेक्षणाचा फॉर्म.

त्या फॉर्मवर एक रकाना असतो : ‘स्त्रियांचे आजार – आहेत / नाहीत’. दारात सासू उभी, गॅसवर भात, समोर विशीतला अनोळखी मुलगा. कोण बाई ‘आहेत’ म्हणेल? ‘नाहीत’वर खूण होते आणि कागदावर वस्ती निरोगी ठरते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! बाई ‘श्वेतप्रदर’ म्हणत नाही. ‘अंगावरून जातं’ म्हणते, ‘अंग बाहेर येतं’ म्हणते, पुष्कळदा ‘कंबर दुखते’ एवढंच सांगून गप्प बसते. हे शब्द ज्यांना कळत नाहीत, ऐकताना ज्यांची नजर खाली जाते, त्यांना आधी शरीराबद्दल, पाळीबद्दल, स्वतःच्या लाजेबद्दल बोलायला शिकवा. आठवडे लागतील. लागू देत.

कायद्याचंही तसंच. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही १९७१च्या कायद्याने मागितलेलीच नाही, तरी दवाखान्यांतून ती सर्रास मागतात. शिकाऊ कार्यकर्तीनेही ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणून बाईला परत पाठवलं, तर तिने वस्तीत न गेलेलंच बरं.

आणि कुटुंबनियोजनाचे सगळे प्रश्न बाईलाच का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचं ०.३. तरी मुलींना माता-बालसंगोपन आणि मुलग्यांना व्यसनमुक्ती, अशी वाटणी होतेच. मुलग्यांना नाक्यावरच्या पुरुषांशी नसबंदीबद्दल बोलायला तयार करा की! अवघड आहे, म्हणूनच तयारी लागते.

सगळ्यात मोठा अन्याय मात्र आशाताईवर. विद्यार्थ्यांना घरोघर फिरवते ती, दार उघडतं तिच्या ओळखीने. २००५पासून ही योजना चालू आहे, अजूनही सरकारदरबारी ती ‘स्वयंसेविका’च. मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी २०२४च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या आशा मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. अशा बाईचे महिनोन्‌महिने दोन-दोन दिवस महाविद्यालय फुकट वापरतं, आणि अहवालात शेवटी आभाराची एक ओळ. विद्यार्थी पदवी घेऊन जातात. वस्तीतल्या बायकांनी सांगितलेलं काय लिहिलं गेलं, ते त्यांना कुणी वाचूनही दाखवत नाही. पुढच्या वर्षी नवा गट, तोच फॉर्म.

मैत्रिणींनो, यंदा होकार कळवताना आपण अटी घालू या. फॉर्मवरचे प्रश्न आधी वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत वाचले जातील, नको असलेले त्या खोडतील. ‘मला सांगायचं नाही’ हा रकाना प्रत्येक प्रश्नापुढे असेल. अहवाल मराठीत, वस्तीत वाचून दाखवल्याशिवाय आपल्या संस्थेची सही मिळणार नाही. आणि आशाताईच्या वेळेचे पैसे महाविद्यालय देईल. किती, ते तिच्याशी बोलून ठरवावं.