पीपीटीला नको, गल्ल्याला मार्क द्या



आजकाल बऱ्याच कॉलेजांत उद्योजकता हा विषय आलाय. इन्क्युबेशन सेंटरची पाटी लागते, बिझनेस प्लॅनची स्पर्धा होते, ज्याची पीपीटी भारी त्याला ट्रॉफी. मी स्वतः बीबीए केलंय आणि आज दुकान चालवतोय, म्हणून स्पष्टच विचारतो: या सगळ्यात गिऱ्हाईक कुठंय?

अमेरिकेतलं बॅब्सन कॉलेज बघा. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांनाच कॉलेज भांडवल उसनं देतं. मुलं गटाने खरा धंदा उभा करतात, विकतात, हिशोब ठेवतात, शेवटी उसने पैसे परत करतात. उरलेला नफा समाजकार्याला जातो. फिनलंडमधल्या युवास्कुला शहरात १९९३ साली टीमिअकाटेमिया सुरू झाली. तिथे मुलं स्वतःची सहकारी संस्था काढून धंदा करतात. शिक्षकाच्या जागी कोच असतो.

"सर, आपल्याकडे एवढा पैसा कुठाय?" अहो, लागतच नाही. पाच मुलांच्या गटाला पाच हजार उसने द्या. उटणं, आकाशकंदील, फराळ, काहीही विकू देत. पण गॅदरिंगमधला एक दिवसाचा स्टॉल नको. तिथे मित्र आणि मावश्याच घेतात. पूर्ण सहा महिने धंदा चालू दे. खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात सुरू होते.

मार्क कसे द्यायचे? परत आलेल्या गिऱ्हाइकाला ४०, उधारी वसुलीला ३०, रोजच्या हिशोबाला ३०. तोटा झाला तरी पास. हिशोब लपवला तर नापास.

वसुलीला एवढे मार्क का? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हे पेपरात लिहिता येतं. पण ४६ व्या दिवशी फोन करून, संबंध न तोडता पैसे कसे मागायचे, हे कोण शिकवणार?

कॉलेजात पाच हजार बुडाले तर धडा मिळतो. तोच धडा आईचे दागिने गहाण ठेवून टाकलेल्या दुकानात मिळाला, तर घर हलतं.

म्हणून असल्या कोर्सची फी भरण्याआधी एकच विचारा: "यात मी खऱ्या गिऱ्हाइकाला काय विकणार?" उत्तर मिळालं नाही, तर त्या फीतली थोडी रक्कम घ्या आणि आठवडी बाजारात जागा धरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!