विश्लेषण : ग्लायडिंगमध्ये ‘करिअर’ होते का?

बारावीनंतर ‘पायलट कसे व्हायचे’ हा प्रश्न भंडाऱ्यातही विचारला जातो. शेजारी गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ आहे. त्यात ग्लायडरला इंजिन नसल्याने हे उड्डाण स्वस्त पडते. मग याच खेळात प्रायोजक मिळवून पोट भरता येईल का? उत्तर जरा कडू आहे.

जगज्जेत्यालाही दुसरा व्यवसाय का?

अनेकदा जगज्जेता ठरलेला पोलंडचा सेबास्टियन कावा डॉक्टर आहे. २००३ मध्ये अर्जेंटिनात तीन हजार किलोमीटरहून लांब उड्डाण करणारे जर्मनीचे क्लाउस ओलमन पेशाने दंतवैद्य. हौस मोठी, कमाई दुसरीकडून! कारण सोपे आहे. स्पर्धा शेकडो किलोमीटरच्या आकाशात चालते. प्रेक्षकाला दिसणार काय आणि तिकीट कशाचे काढणार? १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ग्लायडिंगची प्रात्यक्षिके झाली, १९४० साठी समावेशही ठरला होता. महायुद्धाने ते ऑलिम्पिकच रद्द झाले आणि ग्लायडिंग पुन्हा तिथे आले नाही.

स्थानिक उद्योग पैसा देतील का?

भंडारा जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅग, गडेगावला अशोक लेलँड असे मोठे कारखाने आहेत. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात. त्या यादीत खेळाचे प्रशिक्षण आहे, पण ते ग्रामीण, ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक किंवा राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचे. ग्लायडिंग ग्रामीण नाही, ऑलिम्पिकमध्येही नाही. उरला मान्यतेचा एकच दरवाजा.

मग मुलांनी काय करावे?

खेळाडू म्हणून नव्हे, वैमानिक म्हणून विचार करावा. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या बिरसीत कॅनडाची सीएई आणि विमानतळ प्राधिकरण यांची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च लाखोंच्या घरात जातो. कंपन्यांनी एका ‘स्टार’मागे धावण्याऐवजी इथल्या मुलांना शिष्यवृत्ती दिली, तर पैसा सत्कारणी लागेल.

ग्लायडिंग निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. वारा, उंची, उतरण्याचा अंदाज हे सारे इंजिनाच्या मदतीविना तिथेच शिकता येते. वैनगंगेवर एप्रिलच्या उन्हात पंख न हलवता घिरट्या घालत वर जाणारी घार ज्या तापलेल्या हवेवर तरंगते, त्याच हवेवर ग्लायडरही तरंगते. विदर्भात तिची काय कमी? पण राज्यातले जुने सरकारी ग्लायडिंग केंद्र हडपसरला, इथून सातशे किलोमीटरहून दूर. बिरसीला एक विंच आणि दोन आसनी ग्लायडर आणता येईल. मात्र प्रशिक्षण विमानांची वर्दळ पाहता वेळा वाटून घ्याव्या लागतील. व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षी मिळतो, ग्लायडरचा सोळाव्या. मधली दोन वर्षे भंडाऱ्यातल्या मुलांची जमिनीवरच जातात.