नवकल्पना हवी, पण प्रश्न नको?

माझ्या पहिल्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठे पोस्टर होते, ‘वेगळा विचार करा’. त्याच पोस्टरखाली उभे राहून माझ्या मॅनेजरने मला सांगितले होते, "जेवढे सांगितले आहे तेवढेच कर."

गोष्ट साधारण बारा वर्षांपूर्वीची. इंजिनिअरिंग करून पुण्यातल्या एका आयटी कंपनीत मी नुकताच लागलो होतो. आमच्या टीममधले चार जण रोज सकाळी दोन-अडीच तास परदेशी ग्राहकाच्या दोन याद्या हाताने ताडून पाहत. मी दोन शनिवार-रविवार बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तेच काम दहा मिनिटांत होऊ लागले. वाटले, शाबासकी मिळेल. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने मला बाजूला घेऊन समजावले, "ग्राहक आपल्याला तासांचे पैसे देतो. चार माणसांचे काम दहा मिनिटांत झाले, तर उद्या बिल कशाचे लावायचे?" दुसऱ्या दिवशी चौघे पुन्हा याद्या ताडायला बसले.

तेव्हा मला त्या माणसाचा राग आला. आज वाटते, दोष हिशेबाचा होता. जिथे तासांवर कमाई होते, तिथे वेळ वाचवणारा कर्मचारी कंपनीचे नुकसान करत असतो. अशा ठिकाणी पोस्टर लावा, हॅकेथॉन भरवा, विजेत्याला कप द्या. सोमवारी सकाळी जुना हिशेबच जिंकतो.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास हेच सांगतो. 1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही. पण कोडॅकची खरी कमाई फिल्म, कागद आणि रसायनांतून होती. फिल्मच लागणार नाही असा कॅमेरा म्हणजे स्वतःच्या दुकानाला स्वतःच कुलूप लावण्यासारखे होते. त्यामुळे निर्णय लांबत गेले आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावे लागले. कल्पना कोडॅकच्या घरातच जन्मली होती. तिला मोठे करणे घराला परवडत नव्हते.

याउलट उदाहरण थ्री-एम या कंपनीचे. तिथल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांना कामाचा साधारण 15 टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या प्रयोगांवर घालवण्याची मुभा अनेक दशकांपासून आहे. 1968 मध्ये स्पेन्सर सिल्व्हर भक्कम गोंद शोधत होते आणि हाती लागला अगदी कमकुवत गोंद, चिकटणारा आणि सहज सुटणारा. त्याचा उपयोग काय, हे त्यांनाही कळत नव्हते. तरी ते कित्येक वर्षे सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. 1974 मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला चर्चमध्ये गाताना पुस्तकात ठेवलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडतात याचा वैताग आला आणि तो गोंद आठवला. 1977 मधली पहिली बाजार-चाचणी फसली. त्यानंतर लोकांना फुकट नमुने वाटून पाहिले, तेव्हा मागणी आली आणि 1980 मध्ये पोस्ट-इट अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले. एका ‘फसलेल्या’ गोंदाला कंपनीने बारा वर्षे जगू दिले. सिल्व्हर यांना कोणी पहिल्याच वर्षी "याचा फायदा किती?" असे दरडावून विचारले असते, तर ती पिवळी चिठ्ठी आपल्या टेबलावर आली नसती.

तिसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण ते मागावरचे आहे. मालेगाव-भिवंडीत ज्यांच्या घरात यंत्रमाग आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको: धागा तुटला आणि वेळेत लक्ष गेले नाही, तर पुढचे सगळे कापड दोषाचे निघते. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. त्यांच्या घराण्यातून पुढे टोयोटा ही मोटार कंपनी उभी राहिली आणि तोच विचार माणसांना लागू झाला. दोष दिसला की लाईनवरचा साधा कामगार दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो. दोष तिथेच निघाला नाही, तर लाईन थांबते. थांबलेल्या लाईनचा प्रत्येक मिनिट महाग असतो, तरीही दोरी कामगाराच्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्या जड असतातच, स्टार्टअपमध्ये मोकळीक असते. मीही तसेच समजून पगार कमी घेऊन एका स्टार्टअपमध्ये गेलो. बीन-बॅग होत्या, सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. पण नवे फीचर वापरणारे ग्राहक परत येत नाहीत, हे मी आकड्यांनिशी दाखवले तेव्हा संस्थापक म्हणाला, "गुंतवणूकदारांच्या मीटिंगपर्यंत हे काढू नकोस." मीटिंग झाली, पैसे आले आणि वर्षभरात संपलेही. खुर्च्या बदलल्या म्हणून कान बदलत नाहीत.

स्लॅकची गोष्ट म्हणूनच मला मोलाची वाटते. स्टुअर्ट बटरफिल्ड यांची कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाईन गेम बनवत होती. गेम चालत नाही हे मान्य करून 2012 च्या अखेरीस तो बंद केला. हाती उरले होते टीमने आपसात बोलण्यासाठी बनवलेले एक साधन. तेच पुढे स्लॅक म्हणून बाजारात आले आणि 2021 मध्ये सेल्सफोर्सने ही कंपनी सुमारे 27.7 अब्ज डॉलरला विकत घेतली. ‘चालत नाही’ हे वाक्य त्या ऑफिसात बोलता आले, म्हणून पुढचे सगळे घडले.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. कारण असे दिसले की तिथले लोक चुका लपवत नव्हते.

हे सगळे वाचून मी शहाणा झालो असे मला वाटत होते. गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका नव्या मुलीने मीटिंगमध्ये विचारले, "सर, हे दोन वेगवेगळे सर्व्हर आपण का चालवतो?" डेडलाईन डोक्यावर होती. मी म्हणालो, "ते नंतर बघू, आधी तुझे काम संपव." त्यानंतर दोन महिने ती मीटिंगमध्ये एक शब्द बोलली नाही. लक्षात आले तेव्हा मी तिची माफी मागितली आणि तिचा प्रश्न तपासला. तिचे बरोबर होते. दुसरा सर्व्हर बंद केला. दोन महिने आम्ही त्याचे पैसे फुकट भरत होतो, माझ्या एका वाक्यामुळे. बारा वर्षांपूर्वीचा तो मॅनेजर आता मीच झालो होतो.

आणि प्रश्न विचारण्याची किंमत सर्वांना सारखी नसते. ज्याच्या घरात वडील अधिकारी आहेत, त्याची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिलेच ऑफिसात बसणारे आहेत. मी पहिल्या दिवशी कामावर निघालो तेव्हा अब्बांनी सांगितले होते, "डोके खाली ठेवून काम कर बेटा, कोणाच्या नजरेत येऊ नकोस." त्यात भीती होती आणि मायाही. बहिणीची फी, घराचा हप्ता, इंग्रजीची धास्ती, आडनाव ऐकून बदलणारा समोरच्याचा चेहरा, हे सगळे सोबत घेऊन आपण मीटिंगमध्ये बसतो. म्हणून ‘बिनधास्त बोला’ असा सल्ला मी फुकटात देणार नाही.

नुकतेच नोकरीला लागलेल्यांना एवढेच सांगेन: कल्पना तोंडी सांगण्याआधी छोटी करून दाखवा. किती वेळ वाचतो ते मोजा आणि मेलवर लिहून ठेवा. या बदलात तोटा कोणाचा होणार, हे आधी शोधा. विरोध तिथूनच येतो. ऐकून घेणारा एक तरी ज्येष्ठ गाठा.

आणि जे आता टीम लीडर झाले आहेत, ज्यांनी स्वतःची छोटी कंपनी, वर्कशॉप, दुकान काढले आहे, त्यांच्याकडे माझे मागणे मोठे आहे. आठवड्यातले दोन-तीन तास माणसांना स्वतःच्या प्रयोगासाठी द्या. ग्राहकाशी करार करताना तासांऐवजी झालेल्या कामाचे पैसे ठरवता येतात का, ते पाहा. काही बिघडले की "कोणी केले?" याआधी "कसे झाले?" विचारा. कल्पना ज्याची, वरिष्ठांसमोर नाव त्याचेच घ्या.

मोठे भांडवल आपल्यापैकी थोड्यांकडे आहे. पण आपल्या हाताखालच्या पोराने किंवा पोरीने दोरी ओढली, तर त्यांच्यावर ओरडायचे की धावत जाऊन धागा पाहायचा, हे ठरवायला भांडवल लागत नाही.