गिऱ्हाइकाला 'इम्प्रेस' करू नका, आपलंसं करा



नवीन धंदा सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला हमखास येतो: "सर, कस्टमरला इम्प्रेस कसं करायचं?" माझं मत विचाराल तर घोळ या प्रश्नातल्या शब्दापासूनच सुरू होतो. लोकांचं मन जिंकण्यासाठी, मर्जी मिळवण्यासाठी इंग्रजीत भरपूर शब्द आहेत. वरवर सगळे सारखेच वाटतात. पण त्यातला कुठला शब्द तुम्ही डोक्यात घेऊन गल्ल्यावर बसता, त्यावर तुमचं वागणं ठरतं आणि वागण्यावर गल्ला ठरतो.

पहिला शब्द 'फ्लॅटर'. म्हणजे आपल्याकडचं हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. "मॅडम, हा रंग तुमच्यासाठीच बनलाय!" हे वाक्य त्या बाईंनी आधीच्या तीन दुकानांत ऐकलेलं असतं. याचाच भाऊ 'बटर अप'. आपण मस्का लावतो, इंग्रज बटर लावतो. पदार्थ एकच!

दुसरा गमतीशीर आहे, 'करी फेवर'. यातली करी जेवणातली नाही बरं का. 'करी' म्हणजे घोड्याला खरारा करणं. १४ व्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल नावाचा घोडा आहे, ढोंग आणि लबाडीचं प्रतीक. बडे बडे लोक त्याला खरारा करायला धावतात. त्या 'फोव्हेल'चं इंग्रजांच्या तोंडी पुढे 'फेवर' झालं. म्हणजे कोणाची पाठ चोळून फायदा उकळायचा, हे त्या शब्दाच्या जन्मातच आहे.

तिसरा 'इन्ग्रेशिएट'. मूळ लॅटिन, अर्थ 'मर्जीत'. स्वतःला दुसऱ्याच्या मर्जीत घुसवणं. नवीन दुकानदार सगळ्यात जास्त इथेच मार खातो. मागेल त्याला उधारी, मागेल त्याला डिस्काउंट, कारण 'नाही' म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती. जरा हिशोब करा. १०० रुपयांच्या वस्तूत तुम्हाला २० रुपये सुटतात. तुम्ही १० रुपये सोडले, तर निम्मा नफा गेला. आता तेवढेच पैसे कमवायला दुप्पट माल विकायला हवा. आणि एवढं करून समोरच्याला काय कळलं? की तुमचा पहिला भाव खोटा होता!

आता माझा आवडता शब्द, 'एन्डिअर'. जीव लावणं, आपलंसं करणं. यात 'डिअर' आहे. डिअर म्हणजे प्रिय आणि डिअर म्हणजे महागसुद्धा. सोळाव्या शतकात हा शब्द आला तेव्हा किंमत वाढवणं, मोल वाढवणं असाही त्याचा अर्थ होता. बघा, मस्का लावणारा स्वतःचं मोल कमी करतो, जीव लावणारा ते वाढवतो.

या शब्दाची अजून एक गंमत आहे. इंग्रजीत बरेचदा 'तिने लोकांना एन्डिअर केलं' असं म्हणत नाहीत. 'तिच्या प्रामाणिकपणाने तिला लोकांच्या मनात जागा मिळवून दिली', अशा पद्धतीने वाक्य बनतं. म्हणजे काम माणूस करत नाही, त्याचा गुण करतो. माझ्या मते धंद्याचं अख्खं ट्रेनिंग या एका वाक्यात आहे. प्रेम थेट मागता येत नाही. तुम्ही फक्त काम नीट करायचं.

माझं भांड्यांचं दुकान आहे. कुकरची शिट्टी होत नाही म्हणून कोणी नवा कुकर घ्यायला आलं, तर आधी जुन्याची रिंग बघायची, असा आमच्याकडे नियम आहे. रिंग सैल झाली असेल तर रिंगच द्यायची. त्या दिवशी विक्री छोटी होते, मान्य. पण घरात लग्न निघालं की रुखवताची भांडी घ्यायला तोच माणूस कुठे जाईल, तुम्हीच सांगा.

"मग काय सर, गोड बोलायचंच नाही का?" बोला ना! १९३६ साली 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' लिहिणाऱ्या डेल कार्नेगीनेसुद्धा मनापासूनचं कौतुक आणि खोटी स्तुती यात फरक केलाय. गिऱ्हाइकाने घासाघीस न करता चांगली वस्तू पारखून घेतली, तर जरूर सांगा, "काका, नेमकी वस्तू निवडलीत." खरं असेल तरच सांगा, एवढीच अट.

शेवटचा शब्द माझ्या बीबीएच्या अकाउंट्समधला, 'गुडविल'. दुसऱ्याचा चालू धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जे जास्त पैसे मोजता, ते ताळेबंदात गुडविल म्हणून दिसतं. पण तुम्ही स्वतः कमावलेलं गुडविल मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवता येत नाही, लेखा मानकांचा तसा नियमच आहे. म्हणून नवीन माणूस त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. दिसत नाही ना! रिकामा गल्ला मात्र रोज दिसतो, मग डिस्काउंटचा बोर्ड लागतो.

या आठवड्यात एवढंच करा. रोज रात्री हिशोब लिहिता त्याच वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहा: आज मी कोणाला खरं सांगितलं, जरी त्यात माझी विक्री कमी झाली? सात दिवसांत सात ओळी. एकही ओळ लिहिता आली नाही, तर समजा, आठवडाभर नुसता खरारा चालू होता.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण ताठ मानेने करा!