भट्टीला लेप, डोक्याला ताप

निमगाव केतकीसारख्या गावातल्या कुंभाराला "उष्णतारोधक लेप लावा" असं शिकवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अहो, साधी मडकी ७०० ते ९०० अंशांवर भाजतात! ते महागडे लेप शोभतात १२०० च्या पुढे तापणाऱ्या चिनीमातीच्या भट्ट्यांना. शिवाय मिलिमीटरभर थर उष्णता कितीशी अडवणार? माती-भुशाचा जाड थर अडवतो. भुसा जळतो, उरलेल्या छिद्रांतली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. कुंभाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

२०१८ पासून खादी आयोगाने विजेवरची चाकं वाटली, चांगलंच झालं. पण मडक्याची खरी परीक्षा आव्यात. एक आवा बिघडला की कित्येक दिवसांची मेहनत मातीत! द्यायचेच तर जाड भिंतीच्या भट्टीला पैसे द्या. नुसते सल्ले नकोत.