गुढीपूरचा गोठा

सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात पिंगुळी गावच्या गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. ‘विश्राम ठाकर आदिवासी कला आंगण’ हा धर्मादाय न्यास तिथलाच. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं असा पिढीजात ऐवज तिथे मांडला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याआधी शेकडो वर्षं हा ऐवज सांभाळायला संग्रहालय लागलं नव्हतं. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता. कोणत्या घराण्याने कोणत्या देवळात कला सादर करायची, हेही ठरलेलं असे. संस्थान विलीन झालं, पुढे सिनेमा आणि टीव्ही आले, आणि देवळातल्या रात्री ओस पडत गेल्या. कला होती, कलाकार होते, पण बोलावणारं कुणी उरलं नाही. अनेकांनी दुसरा कामधंदा धरला.

चित्रकथी भिंतीवर टांगायचं चित्र नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. एका आख्यानाची चित्रं एका गठ्ठ्यात असतात. त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. तीत आख्यान लिहिलेलं नसतं, ते सांगणाऱ्याला मुखोद्गत असतं. आरंभी गणपती, मग सरस्वती, आणि मग रामायण-महाभारतातली कथा. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, गातो, पात्रांचे संवाद स्वतः बोलतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक असतात. डोळे मोठे, चेहरे एका बाजूने दिसणारे, युद्धाच्या प्रसंगात बाणांची दाटी. अशा चित्रातली आकृती आवाज चढला की हलल्यासारखी वाटते. पण शहरातल्या दिवाणखान्यात यातलं एकच चित्र चौकटीत बसतं, मागची कथा कुणाला ठाऊक नसते, आणि घरमालक ‘लोककला जपली’ म्हणून समाधानी असतो. चित्र विकलं गेलं तर कलाकाराच्या घरी चार पैसे येतात, ते यायलाच हवेत. तरी कथेवाचून घेतलेलं चित्र म्हणजे शब्दांवाचून घेतलेली गाण्याची चाल.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा जुन्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. ही चित्रं पैठणला मिळाली म्हणून बरीच वर्षं ‘पैठण शैली’ या नावानेच ओळखली गेली. पिंगुळीच्या पोथ्यांशी त्यांचं नातं अभ्यासकांनी पुढे दाखवलं, पण रूढ झालेलं नाव काही हटलं नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी ही कला वाहिली, त्यांच्या गावाला श्रेय मिळायला उशीर झाला, आणि तो उशीर क्षम्य नाही.

याच समाजाला आणखी एका दारात उभं राहावं लागतं. अनुसूचित जमातीच्या यादीतलं क्षेत्रबंधन, म्हणजे ठरावीक भागातल्या रहिवाशांनाच जमातीचा दर्जा देण्याची अट, १९७६ च्या कायद्याने उठलं, तरी ठाकर-ठाकूर जमातींचे अनेक दावे जात पडताळणी समित्यांपुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं रेंगाळले. मुलाच्या प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागायला गेलं की चालीरीती आणि देवदेवतांबद्दल प्रश्न येतात. आप्तभाव चाचणी म्हणतात ती हीच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नाही असं स्पष्ट केलं. शिकलेली, शहरात वाढलेली पिढी जुन्या रीती विसरते, म्हणून तिचं मूळ पुसलं जात नाही. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावं, याची खंत वाटते. आजोबांना पोथी येत होती आणि नातवाला येत नाही, यात नातवाचा काय दोष?

ती नातवाला यावी, याचसाठी कला आंगणाची धडपड आहे. पांगुळ बैल, राधानृत्य, पोतराज, फुगडी या कलाही तिथे जतन केल्या जातात. मुलं बाहुल्यांचे दोर हाताळायला शिकतात, पाहुण्यांसमोर खेळ होतात, आणि कलेतून मिळकत होते. समाजाचं बरं होणं आणि त्याचा वारसा टिकणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे इथे दिसतं. पोट भरलं तरच पोथी उघडते.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवण-गोव्याला जाणाऱ्यांनी पिंगुळीला थांबावं. आधी कळवून जावं, म्हणजे कलाकारांना तयारीला वेळ मिळेल. कथा अर्ध्यावर सोडून उठू नये, आणि बिदागी देताना हात आखडता घेऊ नये.